न आलेली खुर्ची

मित्रांनो, मी मुदत संपलेले एक जुने क्रेडिट कार्ड आहे. स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँड आणि संपलेल्या सेलच्या शेजारी मी पडून असतो. माझा एक कोपरा उडाला आहे, पाठीवरची सही पुसट झाली आहे. तुम्ही म्हणाल, प्लास्टिकच्या तुकड्याची कसली आली आहे कहाणी! पण माझ्यावर झालेल्या एका खरेदीपायी या घराने जो ताप सोसला, तो ऐकलात तर तुमचेही डोके उठेल.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या मोठ्या तावातून मला कापले, अंगावर आकडे उठवले, चिप बसवली आणि पाकिटात घालून पाठवून दिले. मी ज्यांच्या हाती पडलो त्या माझ्या मालकीणबाई दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याचे काम करत. दाढ दुखणाऱ्याला धीर द्यायचा, ज्याची वेळ हुकली त्याची समजूत काढायची, हे त्यांचे रोजचेच. त्यांच्या पर्समध्ये मी सुखात होतो. मी घरात औषधे आणली, मिक्सर आणला, शाळेचे बूट आणले. महिनाअखेरीला मालकीणबाई माझे बिल न चुकता भरत आणि म्हणत, "हे आहे म्हणून निभावतंय." ते ऐकले की माझी छाती फुगायची.

घरात त्यांचे सासरे होते. त्यांना सगळा बाजार पेंटरकाका म्हणायचा. चाळीसेक वर्षे त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. चावीवाल्याची, चष्मेवाल्याची, सायकलवाल्याची अशी बाजारातली बहुतेक अक्षरे त्यांच्याच हातची. हात अजून स्थिर होता, पण पायांनी दगा दिला. कमरेचे हाड मोडले ते धड जुळलेच नाही, आणि पेंटरकाका मागच्या खोलीतल्या पलंगाला खिळले. आधाराशिवाय त्यांना बसताही येत नसे, मग उभे राहणे दूरच.

अशात बातमी आली की बाजाराचा रस्ता रुंद होणार. दुकाने मागे सरकणार, जुन्या लाकडी पाट्या उतरणार आणि त्या जागी दिव्यांच्या पाट्या लागणार. पेंटरकाकांनी एकच गोष्ट मागितली. पाट्या उतरायच्या आत बाजारातून एक फेरी मारायची होती त्यांना. गाडीत घालून नेतो, असे मुलगा म्हणाला, तर ते रागावले. पोत्यासारखे उचलून नेलेले त्यांना नको होते. आपल्या मनाने थांबायचे आणि आपल्या मनाने निघायचे होते.

मग मालकीणबाईंनी फोनवर एक बॅटरीची चाकाची खुर्ची पाहिली. बटण दाबले की आपोआप चालणारी. विकणाऱ्याने फोटो तर असे टाकले होते की खुर्चीवर बसलेला म्हातारा टेकडी चढताना हसत होता. बाईंनी माझे आकडे भरले आणि सासऱ्यांच्या नावाने खुर्ची मागवली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता तो आठवला की लाज वाटते.

खुर्ची आज येईल, उद्या येईल, असे चालले. पेंटरकाकांनी दाढी करून घेतली, ठेवणीतला सदरा काढून ठेवला. खुर्ची काही आली नाही. मग एके दिवशी फोनवर संदेश आला की वस्तू पोहोचली आहे.

घरात खुर्ची सोडा, खुर्चीचे चाकही नव्हते.

मालकीणबाईंनी विकणाऱ्याला फोन लावला. तिकडून आधी संगीत वाजले, मग एका यंत्राने हा आकडा दाबा, तो आकडा दाबा असे सांगितले. दाबता दाबता फोन कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच संगीत. शेवटी माणूस मिळाला तेव्हा तो म्हणाला की कुरियरवाल्याला विचारा. कुरियरवाला म्हणाला, विकणाऱ्याला विचारा. दिवसभर लोकांचे फोन गोड आवाजात घेणाऱ्या माझ्या मालकीणबाई फोन ठेवून उशीवर बुक्के मारायच्या. मी पर्समध्ये अंग चोरून बसायचो.

बऱ्याच खटपटीनंतर विकणाऱ्याकडून उत्तर आले. खुर्ची घरी दिली आहे आणि ग्राहकाने स्वतः दारात येऊन, सही करून ती घेतली आहे, असे त्यात होते. खाली सहीचा फोटो होता आणि नाव होते पेंटरकाकांचे.

मालकीणबाईंनी ते मोठ्याने वाचले. पेंटरकाकांनी चष्मा मागून घेतला, सही जवळून पाहिली आणि म्हणाले, "मी दारात गेलो, हे मला कसं कळलं नाही? आणि सही तरी बघ पोरी. रंगात झुरळ बुडवून कागदावर सोडलं, तरी ते याहून बरं लिहील."

ते हसले, पण मालकीणबाईंना हसू आले नाही. बाजारात एव्हाना पाट्या उतरायला लागल्या होत्या. दुसरी खुर्ची घ्यावी तर माझी उसनवारीची मर्यादा पहिल्या खुर्चीनेच खाऊन टाकली होती. खुर्चीही नाही आणि पैसेही नाहीत. त्यांचा सगळा राग माझ्यावर निघाला. त्यांनी बँकेला फोन केला आणि सांगितले की हे कार्ड बंद करून टाका, मला याचे तोंडही बघायचे नाही.

मित्रांनो, माझा काय दोष होता सांगा! मी तर सांगितले तेवढेच केले होते.

बँकेतल्या बाईंनी मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ताई, कार्ड बंद करायची घाई करू नका. कार्डावर घेतलेली वस्तू आली नाही, किंवा मोडकी आली, तर त्या खरेदीवर आमच्याकडे हरकत घेता येते. आम्ही ते पैसे विकणाऱ्याच्या बँकेकडून परत मागतो. पण त्याला मुदत असते. आणि आधी तुम्ही विकणाऱ्याकडे पैसे मागितलेत, हे लेखी दिसायला हवं."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. इतके फोन केले होते, पण लेखी एक ओळ पाठवली नव्हती. त्याच बैठकीत त्यांनी विकणाऱ्याला ईमेल केला. उत्तर आले नाही, तेव्हा बँकेत हरकत नोंदवली. सोबत पावती जोडली, जाहिरातीचा फोटो जोडला आणि आलेले संदेशही जोडले.

आणि काय आश्चर्य! जो विकणारा फोन उचलत नव्हता, त्याचाच फोन आला. आता तो अगदी मधात घोळल्यासारखा बोलत होता. तुम्ही बँकेतली तक्रार तेवढी मागे घ्या, सोमवारी खुर्ची दारात येईल, असे म्हणाला.

मालकीणबाईंचा नवरा कटकटीला पार कंटाळला होता. तो म्हणाला, "अगं, घे ना मागे. बाबांना खुर्ची मिळाल्याशी मतलब. किती दिवस हे चालवायचं?"

मालकीणबाईही थकल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, तक्रार उघडली. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून पेंटरकाका म्हणाले, "पोरी, थांब. माझ्या नावावर कुणीतरी दारात उभा राहिलाय. तक्रार मागे घेतलीस, तर तो उभा राहिला होता हेच खरं ठरेल."

मालकीणबाईंनी फोन खाली ठेवला. विकणाऱ्याला लिहून कळवले की आधी खुर्ची येऊ द्या, मग तक्रारीचे पाहू. तो सोमवार गेला, पुढचाही गेला. खुर्ची यायचीच नव्हती. उलट विकणाऱ्याने बँकेला तीच झुरळासारखी सही पाठवून दिली.

बँकेने पुन्हा पुरावा मागितला. मालकीणबाई चिडल्या, रडल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिले की हा रुग्ण कित्येक महिने उभाच राहू शकलेला नाही. पेंटरकाकांनी पाठीला उशा लावून एका कोऱ्या कागदावर आपली सही केली. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही फरक कळला असता. तरी बँकेला तो कळायला पुष्कळ दिवस लागले. एका सकाळी दवाखान्यात मालकीणबाईंच्या फोनवर निकाल आला. पैसे परत मिळाले होते. त्यांनी समोरच्या दाढदुखीवाल्याला विनाकारण गोड हसून बसायला सांगितले.

या वेळी खुर्ची त्यांनी दुकानात जाऊन घेतली. नवऱ्याने स्वतः तीत बसून दुकानात दोन चकरा मारल्या, हमीपत्रावर शिक्का घेतला आणि मगच मला पुढे केले.

पेंटरकाका बाजारात निघाले. मालकीणबाई पर्स घेऊन शेजारून चालत होत्या. पण बाजार आता ओळखू येत नव्हता. रस्ता खणलेला होता आणि दुकानांवर नव्या पाट्या लखलखत होत्या. काकांच्या हातची एकही पाटी उरली नव्हती. ते प्रत्येक दुकानापुढे थांबत, वर बघत आणि पुढे जात. विकणाऱ्याच्या त्या सोमवारांचा मला इतका संताप आला, की अंगात बळ असते तर मी पर्स फाडून बाहेर आलो असतो.

चावीवाल्याच्या दुकानापुढे गटार उघडे होते आणि त्यावर एक फळी टाकली होती. लोक तिच्यावरून ये-जा करत होते. चिखलातून पिवळी अक्षरे दिसत होती. ती चावीवाल्याचीच जुनी पाटी होती.

पेंटरकाकांनी मान वाकवून एकेक अक्षर पाहिले. मग म्हणाले, "रंग टिकलाय." आणि बटण दाबून ते त्या फळीवरून पलीकडे गेले. वळून म्हणाले, "ये पोरी, फळी भक्कम आहे." आत चावीवाला त्यांना पाहून उठून उभा राहिला.

मित्रांनो, मी पैसे परत आणू शकलो, उतरलेल्या पाट्या नाही. म्हणून हात जोडून सांगतो. विकत घेण्याआधी विकणारा कोण, कुठला, ते नीट बघा. पावती जपा. वस्तू आली नाही तर नुसते चरफडत बसू नका, लेखी विचारा, मुदतीत बँकेला सांगा, आणि गोड बोलण्यावर जाऊन तक्रार मागे घेऊ नका.

माझ्या जागी आता पर्समध्ये नवे कार्ड आहे. कालच नवरा फोन घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला की बघ, निम्म्या किमतीत कपाट मिळते आहे. मला ओरडता येत नाही हो! पण मालकीणबाईंनी पोळीवरून नजरही न उचलता विचारले, "अहो, दुकान कुठे आहे त्याचं?"

नवऱ्याने फोन खिशात ठेवला.