माझ्यावरूनच केलेला फोन

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. मित्रांनो, माझा स्वभाव मुळातच अस्वस्थ. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर रेंज कधी येते, कधी जाते. मी आपला सतत तिच्या मागावर असतो.

माझा जन्म एका लहानशा कंपनीत झाला. माझी कार्यप्रणाली, म्हणजे कोणते काम आधी करायचे आणि बॅटरी कुठे राखायची हे ठरवणारी आतली शिस्त, किन्हवलीच्या भाग्यश्रीने रचली. पण माझे भाऊबंद दुकानांत धूळ खात पडू लागले आणि कंपनी बुडायला आली. मालक कुंडलिकराव म्हणाले, "आपली प्रणाली ठेवायची की बाहेरची घ्यायची? दोन्ही आता झेपणार नाहीत. तू वापरून बघ आणि सांग."

भाग्यश्रीने मला आणि बाहेरच्या प्रणालीच्या एका नव्या फोनला पाड्यावर आणले आणि पाड्यावरच्या आजाऱ्यांचे बघणाऱ्या आशाताई, म्हणजे लहानीकाकी, यांच्या हाती दिले. मी हरलो, तर माझ्यासारखा दुसरा फोन होणार नव्हता.

काकी आम्हाला पिशवीत घालून ऐनाच्या झाडाच्या फांदीला टांगायच्या. रेंज तिथेच यायची. नवा दुपारीच बॅटरी संपून मान टाकायचा, आणि पाड्यावर वीज असेल तेव्हा खरी.

"खातो लय नि झोपतो लय. जावयच जसा!" काकी हसायच्या. मी मनात फुशारायचो.

मग पाड्यावरच्या जनीचे बाळ तापले आणि त्याच्या अंगावर फोड उठले. काकींनी माझ्यावरून दवाखान्यात फोन लावला. "फोड दिसतात कसे?" डॉक्टरांनी विचारले. काकींना नीट सांगता येईना, आणि मला फोटो पाठवता येत नव्हता. तो नव्या फोनने पाठवला आणि लगेच स्वतः बंद पडला. फोटो पाहताच डॉक्टरांनी जीप धाडली. बाळ वाचले.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री आली. सगळे ऐकून ती मला हातात घेऊन बसली.

"काकी, नुसतं बॅटरीचं सांगितलं तर माझा फोन जिंकतो."

"मंग तेवढंच सांग गो बाय. तुला कोण इचारतंय?"

"तुम्हाला कोणता हवा?"

काकींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "खरं सांगू? नवा. रागवू नको."

"याला फोटो पाठवायला शिकवायचं तर वर्ष जाईल. तोवर कंपनी उरायची नाही."

नवा अजून बंदच होता. म्हणून कुंडलिकरावांना फोन लावायला तिने माझीच बटणे दाबली.

"सर, बाहेरची घ्या."

रेंज एका रेघेवर आली होती. क्षणभर वाटले, तुटू द्यावी. पण मग तिला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले असते. मी ती रेघ घट्ट धरून ठेवली.

आता माझ्या जातीचा फोन कुठे बनत नाही. वीज गेली की काकी मला अजून फांदीला टांगतात. मित्रांनो, नवे जरूर घ्या. पण ज्यात अजून धुगधुगी आहे, त्याला फडताळात कोंडू नका. नुसते पडून राहणे आम्हाला सोसत नाही.