कॅमेऱ्याला टिळा

यवतच्या वाचनालयातल्या नौशादनं दिलेली ती जुनी, गाजलेली कादंबरी वाचून संपवली. तिच्यात सरकार भिंतीतून माणसांवर नजर ठेवतं आणि शेवटी कुणीच सुटत नाही. पुस्तक मिटलं आणि तडक शेजारच्या सोजराबाईंकडे गेलो.

त्यांच्या सतीशनं स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला होता. आई एकटी असते, पुण्यात मोबाईलवर दिसत राहील, म्हणून. दिसायला लागली तसं त्याचं येणं थांबलं. यंदा दसऱ्याला ये म्हटलं, तरी म्हणाला होता, "कॅमेऱ्यात बघतो की."

"सोजराबाई, यावर फडकं टाका. पाळत आहे ही."

"बघू द्या की, आप्पा. दुसरं हाय कोण बघायला?" असं म्हणत त्यांनी ताट कॅमेऱ्यापुढं धरलं. "जेवते रं, सतीश."

कादंबरीत यावर काही उत्तर नव्हतं. मी मागची पानं पुन्हा चाळली.

खंडेनवमीला त्यांनी विळी, खुरपं, मिक्सर आणि मोबाईल पाटावर मांडला. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही रीत. कॅमेरा उंचावर, म्हणून मला हाक आली.

"त्याला बी टिळा लावा, आप्पा. त्यो बी राबतोय."

स्टुलावर चढलो. टिळा कपाळी लावतात. कॅमेऱ्याला कपाळ नसतं, नुसता डोळा असतो. तिथं चांगलं ओलं कुंकू लावलं. हेतू धार्मिक होता, असं मी कुठंही सांगायला तयार आहे.

थोड्या वेळानं पाटावरचा मोबाईल वाजू लागला.

"उचला की."

"पुजलाय न्हवं!"

वाजून वाजून बिचारा गप्प झाला.

दुपारी सतीश धापा टाकत दारात. "आई! सगळं लाल दिसलं गं! फोन पण उचलेना!"

"आधी पाय धू," सोजराबाई म्हणाल्या. मिक्सर पुजलेला, म्हणून पुरण पाट्यावर वाटायला त्यालाच बसवलं.

दसरा करूनच तो गेला. जाताना काच पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आप्पा, तुम्ही पण ना!"

"रीत आहे बाबा."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं. नौशादनं विचारलं, "कशी वाटली?"

"खरी वाटली," मी म्हणालो. "तेच आवडलं नाही."

संध्याकाळी सोजराबाईंनी पुन्हा ताट वर धरलं. "जेवते रं." मग कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूच विचारलं, "आप्पा, लक्ष्मीपूजनाला बी टिळा लावत्यात ना?"

स्टूल कुठं ठेवलंय, ते मी बघून घेतलं.