पट्टीवरचं कुंकू

माझ्या भुवया जन्मापासूनच डोळ्यांवर लोंबायच्या. वाचताना मी डाव्या हाताचा अंगठा एका भुवईला आणि मधलं बोट दुसरीला लावून त्या वर धरायची. पण शुद्धलेखनाला काय करणार? एक हात लेखणीला, एक कपाळाला, आणि पाटी चालली मांडीवरून घसरत! रमाबाई, आमच्या शिक्षिका, बाबांना म्हणाल्या, "लिहिता येत नसेल तर वरच्या इयत्तेत कशी घालू?"

बाबा गिरणीतल्या ओळखीने मला एका पारशी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "कपाळाची थोडी चामडी कापून भुवया वर शिवू."

शेवंती आत्या ओरडलीच. "पोरीचं कपाळ म्हणजे काय गोधडी?" मग तिनेच अट घातली, "डोळे नाही उघडले तर शाळा बंद. चूल आणि ही."

"आणि उघडले तर?" मी विचारलं.

"उघडू देत तर आधी!"

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "तोंड वांग्यासारखं सुजेल. डोळ्यांखाली काळंनिळं होईल. टाके आहेत तोवर हसायचं नाही, रडायचं नाही, आठी घालायची नाही."

"हसायचं नाही? आमच्या दुर्गेला?" आत्या म्हणाली. "त्यापेक्षा तिला उपाशी ठेवा."

क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आला, आणि जाग आली तेव्हा सगळा अंधार. कपाळापासून नाकापर्यंत पट्टी. डोकं ठणकत होतं. आत्या उशाशी बसून पंखा घालायची आणि मी जरा हसले की हनुवटीला चिमटा काढायची.

सूज उतरत आली तशी एका सकाळी वॉर्डात एकदम धावाधाव झाली. "रक्त! टाका सुटला!" कंपाउंडर ओरडला. डॉक्टर धावत आले. संपली शाळा!

कात्रीचा गार स्पर्श झाला, पट्टी सुटली. डॉक्टर थांबले. "कापूस तर कोरडा आहे," ते म्हणाले.

"मग पट्टीवर हे लाल काय आहे?"

आत्याचा बारीक आवाज आला, "कुंकू हाय ते, साहेब. कुवारणीचं कपाळ असं पांढरंफटक कसं ठेवायचं? कपाळ सापडंना, म्हणून पट्टीवर लावलं."

मला हसू फुटलं. दाबलं तरी फुटलंच. "हसू नको!" डॉक्टर ओरडले, आणि मग स्वतःच खो खो हसू लागले. "टाके एकदम ठीक आहेत. बेटा, उघड डोळे. हात लावू नको."

मी उघडले. बोटांशिवाय! आधी खिडकी दिसली, मग डॉक्टरांची उंच टोपी, मग आत्या. तिचं करंगळीच्या शेजारचं बोट कुंकवाने अजून लाल, आणि डोळ्यांतून धारा.

"आत्या, उघडले," मी म्हटलं. "आता काय?"

"आता काय म्हणजे? पाटी घासून ठेवते तुझी," ती नाक ओढत म्हणाली.

टाके निघाले, निळं पिवळं झालं, पिवळंही गेलं. मी शाळेत गेले. रमाबाईंनी शुद्धलेखन घातलं. मी उजव्या हातात लेखणी घेतली. डावा हात सवयीने कपाळाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. त्याला तिथे कामच नव्हतं!

मग मी त्याने पाटी धरली. घट्ट. सगळ्यांच्या आधी लिहून झालं माझं.