दोन खटक्यांची गाडी

मी एक जुनी काचांची गाडी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझ्या दोन्ही अंगांना लाकडी चौकटी आहेत. त्यांत काचा आणि आरसे उभे करून दोरीने आवळतात आणि गावभर फिरवतात. जन्मभर काचा वाहिल्या की स्वभाव असाच होतो. रस्त्यातला खड्डा मुद्दाम माझ्यासाठी खणलाय असं वाटतं. मागून हॉर्न वाजला की वाटतं, हा मेला आता धडकणार.

जन्म कारखान्यातला, पण मला खरं घर मिळालं ते काचेच्या दुकानात. तिथले म्हातारे मालक रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "हिने आजवर एक काच फोडलेली नाही." ते ऐकून मी दिवसभर खूश असायची. ते गेल्यावर दुकान त्यांच्या मुलाच्या आणि जावयाच्या हाती आलं, आणि दुकानाबरोबर मीही आले. म्हाताऱ्यांची मुलगी, म्हणजे एकाची बायको आणि दुसऱ्याची थोरली बहीण, दुकानात हिरकणीने काचा कापते. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, तिच्या नवऱ्याला दाजी आणि भावाला मामा. मग मीही तसंच म्हणते.

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. पुढे दाजी, मागे मामा. उचलण्याआधी दाजी विचारायचे, "धरलंय?" मामा म्हणायचा, "धरलंय." मगच पहिलं पाऊल पडायचं. एकाचा हात सुटला तर दुसऱ्याच्या पायावर काच पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

असं सगळं सुरळीत असताना पेट्रोलची भानगड सुरू झाली. सुट्टीच्या दिवशी मी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. सुट्टी संपली की पेट्रोलचा काटा खाली गेलेला दिसायचा. चावी दोघांकडेही होती. दाजींना वाटलं, मामा परस्पर गाडी नेतो आणि दुसऱ्यांची भाडी मारतो. मामाला दाजींविषयी नेमकं हेच वाटलं. तोंडावर विचारायचं मात्र कुणाचं धाडस नव्हतं, कारण विचारलं की ताईला कळणार. मग दोघांचं बोलणं कमी झालं. "धरलंय?"सुद्धा बंद झालं. काच उचलताना दाजी नुसते खाकरायचे. आणि मी? मला तर दोघांचाही संशय येत होता. शेडमध्ये झोपायला येणाऱ्या मांजरीवरही मी डोळा ठेवला होता.

गल्लीच्या टोकाला गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस आहे. पोटातलं ओठांवर येऊ देत नाही, म्हणून लोक त्याला गुपचूप म्हणतात. एका दुपारी दाजींनी त्याला शेडमध्ये आणलं. माझ्या कॉइलला करंट नेणारी तार त्याने मधेच कापली आणि सीटखाली एक छोटा खटका लपवून बसवला. तो खटका बंद केला की इंजिन घरघरणार, पण ठिणगी पडणार नाही. ठिणगी नाही म्हणजे गाडी चालू होणार नाही. "कुणाला बोलायचं नाही," दाजी म्हणाले.

चारदोन दिवस गेले आणि मामाने त्याच माणसाला त्याच शेडमध्ये आणलं. त्याच तारेवर दुसरा खटका बसला, तो डॅशबोर्डच्या खाली. "ताईलापण सांगायचं नाही हं," मामा म्हणाला. गुपचूपने मान हलवली. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. पण मला वाचा कुठे आहे?

पुढच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोघांनीही, एकमेकांची पाठ वळल्यावर, आपापला खटका बंद केला.

सुट्टीनंतरच्या सकाळी एका नव्या दुकानाची मोठी दर्शनी काच पोचवायची होती. दाजी बसले, सीटखाली हात घालून त्यांनी आपला खटका चालू केला आणि चावी फिरवली. घर्र, घर्र. मी काही चालू होईना. चरफडत ते उतरले, आणि उतरताना मामाला गाडी मिळू नये म्हणून खटका पुन्हा बंद केला. मग मामा बसला. त्याने आपला खटका चालू केला, चावी फिरवली आणि उतरताना बंद केला. असं आळीपाळीने चाललं. दोन्ही खटके एका वेळी चालू होतील तर शपथ.

मला उजेडात ढकलून मिस्त्रीला बोलावलं. त्याने प्लग काढला, तारेला जोडून इंजिनाला टेकवला आणि दाजींना चावी मारायला सांगितली. निळी ठिणगी काही दिसली नाही. त्याने पॉइंट घासले, कॉइल बदलून पाहिली. शेवटी टेस्ट दिवा कॉइलच्या तारेला लावला. तो पेटला नाही.

"बॅटरी चांगली, प्लग चांगला," तो हात पुसत म्हणाला. "वरून करंटच येत नाही. हे वायरिंगवाल्याचं काम, माझं नाही."

वायरिंगवाला म्हटल्याबरोबर दोघांचे चेहरे उतरले. चोराच्या मनात चांदणं.

"कशाला उगाच खर्चात पडायचं?" दाजी घाईघाईने म्हणाले. "जुनी झाली गाडी. भंगारवाल्याला देऊन टाकू."

"आणि दुकानाच्याही वाटण्या करून टाकू," मामा म्हणाला. "असंही एकत्र काही राहिलेलं नाही."

भंगारवाल्याला संध्याकाळी यायचा निरोप गेला. ताई हिरकणी हातात तशीच धरून बाहेर आली. "आईबाबा गेले. माझं माहेर म्हणजे हा एक भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही दोघं वेगळे झालात तर मी सणावाराला कुणाच्या दारात जाऊ?" तिचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटलं, मित्रांनो. तिनेच जाऊन गुपचूपला आणलं.

त्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. शब्द दोघांना दिलेला. त्याने माझं बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. प्लगवर उगाच फुंकर मारली. दाजी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, मामाही बघत होता, आणि मी तिघांकडेही.

"दोघं एकदम आत बसा," तो अखेर म्हणाला. "दाजी स्टिअरिंगवर, मामा शेजारी. ताई, तुम्ही बाहेरून हात घालून चावी फिरवा. आणि दाजी, मामा, गाडी चालू करताना तुम्ही रोज जे जे करता, ते आता दोघांनीही करा. मी तिकडे तोंड करून उभा राहतो."

त्याने पाठ फिरवली. मग सीटखाली खट झालं. थोड्या वेळाने डॅशबोर्डखाली खट झालं. ताईने चावी फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात चालू झाले.

दाजी मामाकडे वळले. "तूपण?" दाजींनी विचारलं. "म्हणजे तुम्हीपण?" मामा म्हणाला. ताईने चावी बंद केली, तसे दोघांचे हात सवयीने पुन्हा खटक्यांकडे गेले. "हात वर," ती म्हणाली, आणि दोघांनी शाळेतल्या पोरांसारखे हात वर केले.

"पण मग सुट्टीला पेट्रोल कोण जाळत होतं?" दाजींनी चाचरत विचारलं.

ताई शेडकडे बघत होती. मी जिथे उभी असायची तिथे जमिनीवर काळा ओला डाग पडला होता. तिने माती बोटावर घेऊन हुंगली आणि बोट दोघांच्या नाकासमोर धरलं. माझ्या टाकीची नळी थेंबथेंब गळत होती. मी मांजरीवर डोळा ठेवला, पण स्वतःच्या पोटाखाली काही बघितलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात ते खोटं नाही.

नळी बदलली. गुपचूपने दोन्ही खटके काढून तार सरळ जोडली. संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा दोघं ती दर्शनी काच माझ्यात चढवत होते. "विकायची होती ना? बिघडली होती म्हणे," त्याने विचारलं.

"तिचं काही बिघडलं नव्हतं," ताई म्हणाली.

म्हणून मित्रांनो, जुनं यंत्र अडलं तर बोट दाखवण्याआधी एकदा वाकून बघा. नळी बघा, तार बघा. आणि काचेचं दुसरं टोक ज्याच्या हाती देता, त्याला मनातलं तोंडावर विचारा. माझा स्वभाव काही बदललेला नाही. उतारावर चाकाखाली ठेवलेल्या दगडावर मी अजून विश्वास ठेवत नाही. पण आता रोज सकाळी चावी फिरवण्याआधी दाजी शेजारी बसलेल्या मामाला विचारतात, "धरलंय?" हातात काहीच नसतं. तरी मामा म्हणतो, "धरलंय." मग माझी ठिणगी पडते.