खोटी भूक

बोट ताटात फिरत होतं. जाड, अंगठीत रुतलेलं. कडेला थिजलेलं तूप आधी खरवडत, मग डाळीचा पिवळा ओघळ, मग खिरीतली शितं, लोणच्याचा खार – सगळं लोटीभर पाण्यात एक करत... आणि धनकुंवर चुलीपाशी उभी राहून ते पाणी गढूळ होताना पाहत होती. आता उचलील. सुरेशचंदनं ताट दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. वर, खाली. मिशीला एक शीत राहिलं.

कण वाया जाऊ नये, जीव मरू नये, म्हणून ताट धुऊन प्यायचं – हे ती स्वतःही करत आली होती, रोज, आणि कधी किळस आली नव्हती. पण माझ्या ताटात धुवायला असतं काय?

तिचा हा दीर दिवाळीपासून एकच वेळ जेवत होता. धुळ्याच्या डॉक्टरनं लघवीत साखर सांगितली, कुणीतरी आरोग्याचं एक पुस्तक हातात दिलं, आणि तीन वेळचं एकदम पोटात जाऊ लागलं. अंगणात ज्वारी पाखडणारी भागाबाई पिंप्राळ्याहून यायची, ती सुपाआडून म्हणायची, "सेठ एकच येळ जेवतस, पन बैल बी लाजी जाई." तरी शेठची पोटाची घडी उतरली होती, ते खरं. कापसाच्या बाजारात लोक थांबवून विचारत, शेठ, करता तरी काय? मग तो एक बोट वर करी – तेच बोट – आणि म्हणे, आमच्या भाभीला पाहा ना. वर्षानुवर्षं एक वेळ जेवतात. कधी ताप नाही, खोकला नाही.

भाभीला पाहा.

मी एकासणं धरलं तेव्हा पाहायला कोण आलं होतं?... धरलं तरी कुठे. नवरा गेला त्या चातुर्मासात सासूनं सुनेला न विचारता परस्पर सांगून टाकलं, बिंदणी वर्षभर एकासणं करील. दिवसातून एकदा बसायचं, बसल्या जागी खायचं, उठलं की त्या दिवसाचं अन्न संपलं. वर्ष संपलं. संपलं असं मात्र कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही विचारलं नाही – कसं विचारणार, मला भूक लागते हो, असं? – मग सासूही गेली, आणि नेम तेवढा राहिला, खुंटीवरच्या तिच्या पगडीसारखा – छे, सासूला कुठली पगडी, ती सासऱ्यांची. काहीतरी राहिलं खरं.

यंदा ती मागणार होती. शिरपूरला माहेरी गेली असताना एका साध्वीजींनी सांगितलं होतं, शरीराला झेपत नसेल तर सोड, बाई, पाप नाही. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत चार घास. तेवढंच. दिराच्या कानावर घातलं की झालं. वाक्यही तयार होतं... आणि त्याच आठवड्यात तो पुस्तक घेऊन घरात आला. आता कुठल्या तोंडानं मागायचं? ज्याच्या जोरावर तो गावभर मिरवतो, तेच नको म्हणायचं?

तो उठून बाहेर गेल्यावर ती पाटावर बसली. एक घास. दुसरा – आणि बाहेरच्या खोलीतून त्याची ढेकर आली, लांब, ओली, शेवटी समाधानानं किंचित हुंकारलेली, आणि तुपाची, खिरीची, त्या धुतलेल्या पाण्याची चव थेट तिच्याच घशात चढली. ती मोरीकडे धावली. काही पडलं नाही. कडू पाणी तेवढं.

मग कळलं. उठले मी.

"अक्का, ताटमा बठ्ठं तसंच शे," भागाबाई दारातून म्हणाली. मग हळूच, "बसी जा ना परत. कोन देखस?"

"झालं माझं," धनकुंवर म्हणाली.

दुपार कलता दोन अडते आले, एक वकील आला. गादीवर बसले. सुरेशचंदनं हाक मारली तशी ती पदर पुढे ओढून दाराशी उभी राहिली. कापसाचा नमुना चिमटीत ओढून धागा पाहावा, तसं तिघांनी तिला पाहिलं. वकिलाची जीभ पानानं लाल होती, ती दातांवरून फिरत होती. मनगटं पाहत होते. नखं पाहत होते.

"भाभी, संध्याकाळी भूक लागते का, एवढं यांना सांगा," सुरेशचंद म्हणाला. दर वेळी विचारायचा. दर वेळी ती पदराआडून नाही म्हणायची आणि आत जायची.

"लागते."

आवाज कुणाचा, हे क्षणभर तिलाच उमगलं नाही.

"रोज लागते," ती म्हणाली.

वकील खाकरला. सुरेशचंद रागावला नाही – रागावता तर बरं – तो हसला, अगदी मायेनं.

"ऐकलंत? इतक्या वर्षांनीही शरीर फसवू बघतं. पुस्तकात हिला खोटी भूक म्हटलंय. पाणी प्यायलं की जाते. आणि भाभींचा निश्चय बघा, आजवर एक शब्द बोलल्या नाहीत."

तिघांनी माना डोलावल्या. वकिलानं तर हात जोडले. त्या जोडलेल्या लालसर, ओलसर तळव्यांची तिला इतकी शिसारी आली की ती तिथून वळलीच.

ती स्वयंपाकघरात आली. उन्हाची तिरीप अजून मोरीच्या कट्ट्यावर होती, दिवस मावळायला अवकाश होता. चुलीवर घरातल्यांची मुगाची खिचडी रटरटत होती, झाकण एका अंगानं उचलत, वाफ सोडत. बाहेर दीर बोलतच होता – तिच्याविषयी, तिच्या पोटाविषयी. आता पुन्हा मळमळणार म्हणून ती थांबली. मळमळलं नाही.

खोटी? तिनं विचारलं. कुणाला, पोटालाच. लबाडी पकडलेल्या पोराला विचारावं तसं, दरडावून. खोटी का रे?

जिभेखालून पाणी सुटलं. गरम, खारट, थांबेना – गालांत भरलं, दातांमागे साठलं. ते गिळावं की मोरीत थुंकावं, तिला ठरवता येईना. आणि ओठ मिटून, तोंडभर ते धरून, ती झाकणाकडे पाहत उभी होती.