पाच दिवसांची गोचीड

डॉक्टर शिवानीने चिमटा कातडीला अगदी भिडवला आणि परशुरामरावांच्या पाठीवरची गोचीड सरळ वर ओढून काढली. चांगली वाटाण्याएवढी फुगली होती.

"कधी चिकटली?"

"आजच असेल," परशुरामराव म्हणाले.

"आजची एवढी फुगत नाही, काका. नीट आठवा. काही रोग लगेच अंगात उतरतात, काहींना दिवस-दोन दिवस लागतात. जितकी जास्त राहिली, तितका धोका."

मागे उभ्या कांताबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. सत्तरीत काजूच्या बागेत एकट्याने जाऊ नका, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. तरी स्वारी आठ दिवस गावी राहून आली. आल्यापासून घरात अबोला. 'कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे,' असं भिंतीला सांगत कोपर स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत संसार चालला होता. आज ते दाराच्या चौकटीला पाठ घासताना दिसले, तेव्हा कुठे बाईंनी बनियन वर करून पाहिलं. घासलेटाचा बोळा घेऊन धावल्याही होत्या. शेजारच्या सोनलने अडवून इथे धाडलं.

"सोमवारपासून तरी आहे. पाच दिवस," त्या म्हणाल्या.

"इतकं नक्की कसं, काकू?"

"आंघोळीला यांची पाठ मी चोळते. लग्न झाल्यापासून. सोमवारी गावाहून आले, तेव्हापासून चोळली नाही. चोळली असती तर तेव्हाच हाताला लागली असती."

शर्टाची बटणं लावता लावता परशुरामराव थांबले.

"दोन आठवडे ताप बघा, सकाळ-संध्याकाळ. आला की लगेच या," शिवानी म्हणाली.

कांताबाई थर्मामीटर लावायच्या. त्यावर विश्वास नाही म्हणून कपाळावर हातही ठेवायच्या. मग कॅलेंडरवर फुली. जीव टांगणीला लागला होता, तरी बोलणं भिंतीशीच. पाठ चोळायचा विषय आधी कुणी काढायचा, इथे गाडी अडली होती.

चौदावी फुली पडली. ताप नाही. बाईंनी थर्मामीटर डबीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायला घेतली. परशुरामराव ओट्याशी येऊन उभे राहिले, चष्मा काढून, मान जराशी पुढे करून.

"आज पाहिलं नाहीस."

"चौदाच दिवस सांगितले होते."

"हो."

ते तसेच उभे राहिले. कांताबाईंनी कणकेचे हात धुतले, पुसले.

"मोरीत बसा. पाणी विसणते."