थांबायची खूण

भाईंचं सगळं अंग पडलं होतं, वाचाही गेली होती. उरलं होतं ते उजव्या हाताचं एक बोट. तेवढं अधूनमधून उचलायचं आणि पुन्हा गादीवर टेकायचं. त्यांच्या बायकोचा, विमलाचा, सारा जीव त्या बोटात अडकला होता. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, बोट हलतंय म्हणजे माणूस आत आहे, आणि आत आहे म्हणजे काहीतरी सांगतोय. काय सांगतोय, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

भाई म्हणजे देवळातल्या हरिनाम सप्ताहाचे कीर्तनकार. पोटासाठी भातशेती आणि काजूची बाग, पण खरं जगणं कीर्तनात. ते उभे राहिले की मासे विकून परतणाऱ्या बायकासुद्धा टोपल्या बाहेर ठेवून आत येऊन बसायच्या. हसवता हसवता कधी डोळ्यांत पाणी आणतील, पत्ता लागायचा नाही. आणि अभंग रंगला, टाळ-पखवाज अगदी टिपेला पोहोचले, की भाई एक बोट वर करायचे. लगेच सगळं शांत. मग त्या शांततेत ते हळूच देवाबद्दल बोलायला लागायचे. ते बोट वर जाताना विमलानं पुढच्या रांगेत बसून जन्मभर पाहिलं होतं.

म्हणून तिला वाटलं, हेही तेच. खाटेच्या पायथ्याशी टेबल फॅन होता. उन्हाळ्यात त्याच्याशिवाय भाईंच्या पाठीला फोड यायचे. पण मान फिरवताना तो वाजायचा. तिकडे जाताना एकदा कट, परत येताना कट-कट. आणि आवाज झाला की बोट उचललं जायचं.

मुंबईहून मुलगा आला, सुदेश, तेव्हा तिनं त्याला धरलं.

"झिला, ह्यो आवाज बंद कर. बाबांका सोसना नाय. बघ, थांबवा म्हणतत."

बोट असंच हलतं, त्यात काही नसतं, असं सुदेशनं म्हणून पाहिलं. पण आईचा चेहरा बघून तो पंखा उघडून बसला. जाळीचे स्क्रू आवळले, पात्यांवरची खारट धूळ पुसली, आवाज तसाच. शेवटी मान फिरवणाऱ्या प्लास्टिकच्या चाकाचा एक दात तुटलेला सापडला. कुडाळला जाऊन त्यानं नवं चाक आणलं, बसवलं, ग्रीस भरलं. जुनं विमलानं आपल्या हातानं न्हाणीच्या चुलीत टाकलं. ब्याद गेली.

पंखा गुपचूप फिरू लागला. खोलीत समुद्राची गाज ऐकू यायला लागली. बोट गादीवर निवांत टेकलं.

"आता तुझो बुवा खूश," सुदेश म्हणाला. विमलानं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बोट हललं नाही. थकले असतील, असं तिला वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सुदेश मुंबईला निघून गेला. ती तळव्याला तेल चोळत होती, काय हवं ते सांगा म्हणून विनवत होती, आणि बोट तिच्या मुठीत गार पडून होतं.

एकादशीला गणपत आला. भाईंच्या मागे सारी वर्षं पखवाजावर बसलेला माणूस. दर एकादशीला येऊन तो खाटेशी बसायचा. आज बसला, मांडीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

"वयनी, पंख्याक काय झाला?"

तिनं सगळं सांगितलं.

"मागच्या एकादशीक आमी दोघांनी भजन केला," तो म्हणाला. "पंखो ठेको देय होतो. भाई बोटान सम दाखवत होते. मी मांडयेर वाजवत होतंय."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुका म्हायत नाय, असा कसा वाटतला? तूच तर पुढे बसायचस."

विमला उठली आणि तिनं पंख्याचे सगळे स्क्रू ढिले केले. जाळी खडखडली, पण त्या खडखडाटाला ना ठेका ना सम. मग गणपतनं नव्या चाकाचा एक दात कानशीनं उडवला. तर मानच अडकली. पंखा भिंतीकडे तोंड करून वारा घालत राहिला.

दिवेलागण झाली. विमलानं देवघरातून भाईंचे टाळ आणले. एकदा, मग दोनदा. एवढंच तर वाजवायचं होतं. गणपतनं मांडीवर साथ धरली. दोघं बोटाकडे बघत वाजवत राहिली. बोट जागचं हललं नाही.

"वयनी, पुरे आता," गणपत म्हणाला.

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"थांबा म्हणान त्यांनी सांगूक होया," ती म्हणाली, आणि टाळ वाजवत राहिली.